बाराव्या ठोक्याला

कलेचं प्रशिक्षण म्हटलं की शिक्षक फेविकॉल, कात्री आणि घोटीव कागद घेऊनच येतात. देवरी तालुक्यातल्या त्या केंद्रशाळेतही सतरंजीवर कार्डशीटच्या गुंडाळ्या पडल्या होत्या. एका मॅडमनी तर चमकीची पुडीसुद्धा आणली होती. साधनव्यक्ती म्हणून आलेल्या ताईंनी सगळ्यावर एकदा नजर फिरवली आणि म्हणाल्या, "हे सगळं आधी पिशवीत ठेवा. लागलं तर काढू." ते शेवटपर्यंत लागलं नाही.

'कला समेकित अध्ययन' हा शब्द २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर सगळ्यांच्या तोंडी बसला. त्याच्या वर्षभर आधी सुरू झालेल्या 'निष्ठा' प्रशिक्षणातही तो विषय होताच. म्हणणं सरळ आहे: चित्र, ताल, नाट्य यांच्यासाठी वेगळा तास ठेवून थांबू नये, गणित-विज्ञान-भाषा शिकण्याचं ते साधनच व्हावं. वर्गात पोचेपर्यंत मात्र त्याची सजावट होते. पाठ संपला की त्याचा तक्ता करायचा, मुखवटे कापायचे, फोटो काढून गटावर टाकायचा. मुलांचे हात गुंतलेले असतात आणि डोकं रिकामं.

ताईंनी सगळ्यांना गोलात उभं केलं. अर्ध्यांनी दर तिसऱ्या ठोक्याला टाळी वाजवायची, उरलेल्यांनी दर चौथ्या ठोक्याला मांडीवर थाप द्यायची. एक सर मोठ्याने आकडे म्हणू लागले. सातआठपर्यंत कसंबसं निभावलं, पुढे सगळा गोंधळ. टाळीवाले थापेकडे बघायचे आणि चुकायचे, थापवाले हसण्यात चुकायचे. मग भजनी मंडळात ढोलकी वाजवणारे एक वयस्कर गुरुजी पुढे झाले, डस्टर घेतलं आणि बेंचावर संथ ठोके द्यायला लागले. त्यांनी लय अजिबात पळू दिली नाही. बाराव्या ठोक्याला टाळी आणि थाप एकदम पडली. चोविसाव्याला पुन्हा.

"आता चार आणि सहा," ताई म्हणाल्या. "पण आधी सांगा, दोन्ही आवाज पहिल्यांदा कुठे जुळतील?"

"चोवीस!" खोलीभर एकच उत्तर.

ठोके सुरू झाले आणि बारालाच दोन्ही आवाज जुळले. क्षणभर कोणी काही बोललं नाही. सहावीला गणित शिकवणारे एक सर म्हणाले, "थांबा, पुन्हा घ्या." पुन्हा घेतलं, पुन्हा बारा. "गुणाकार करून टाकला जी आपण," ते कपाळावर हात मारत म्हणाले.

सहावीची मुलं लसावि काढताना नेमकी हीच चूक करतात. तीन आणि चारला गुणाकार चालून जातो, कारण त्यांच्यात एकाखेरीज सामाईक विभाजक नाही. चार आणि सहामध्ये दोन सामाईक आहे. हे सर दरवर्षी फळ्यावर भागाकार मांडून समजावतात. इथे मात्र आधी कानाला कळलं, मग कारण शोधायची गरज पडली. आणि ते कळलं, कारण गुरुजींनी लय सांभाळली होती. ठोका पळाला असता तर उत्तरही चुकलं असतं. मला वाटतं, ओळखायची खूण हीच आहे. कला काढून घेतल्यावरही पाठ जसाच्या तसा उभा राहत असेल, तर ती तिथे शोभेपुरतीच होती.

रोवणी उरकून निंदण सुरू झाल्याचे दिवस होते. ताईंनी शाळेशेजारच्या बांधीतून दोन रोपं उपटून आणली, एक धानाचं आणि एक सावा गवताचं. लहान असताना हे तण हुबेहूब धानासारखं दिसतं. दोन्हींचं चित्र काढायचं, खोडरबर न वापरता. बहुतेकांनी रोपांकडे न बघताच चार लांब पाती ओढली आणि वही बाजूला ठेवली. ताईंनी वह्या परत हातात दिल्या: "पान खोडाला चिकटतं, तिथलं काढा. तेवढंच." मग माना खाली गेल्या. धानाच्या पात्याच्या बुडाशी एक पातळ पांढुरका पापुद्रा असतो आणि बाजूला बारीक केसाळ टोकं. सावाला यातलं काहीच नसतं, तिथे नुसतं गुळगुळीत. लहानपणापासून बांधीत निंदण केलेल्या एक मॅडम पेन्सिल थांबवून म्हणाल्या, "ओळखता येते जी हाताला, पण कशानं ओळखता येते ते कधी पाह्यलं नव्हतं." त्यांचं चित्र काही सुबक नव्हतं. पापुद्रा मात्र अचूक होता.

जेवणानंतरचा प्रयोग आधी फसला. हा मुलूख तलावांचा. नवेगावबांधसारखे तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजाची ही भूमी, म्हणून विषय तोच घेतला. पावसाने दडी मारली आहे, मामा (माजी मालगुजारी) तलावाचं पाणी आधी कोणाच्या बांधीला सोडायचं, यावर ग्रामसभा. दिवाळीनंतरच्या मंडईत नाटकात काम करणारे एक सर सरपंच झाले. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच झाडीपट्टी रंगभूमीवरच्या कामासाठी, आणि इथल्या शिक्षकांतही तिचं वेड असलेले बरेच निघतात. सरांनी दंडारीतल्या सोंगासारखा असा सरपंच रंगवला, की सगळे पोट धरून हसले. हसू ओसरल्यावर ताईंनी विचारलं, "ठराव काय झाला?" कोणालाच सांगता येईना. कोरम पुरा होता का, तेही नाही. कला विषय गिळून बसली होती.

दुसऱ्या खेपेला विनोदाला मनाई नव्हती, फक्त एक जण ग्रामसेवक होऊन प्रत्येक म्हणणं फळ्यावर लिहू लागला. फळा भरल्यावर दिसलं, की एकाही बाईचं म्हणणं त्यावर नाही. खोलीत निम्म्या मॅडम असून सगळ्या प्रेक्षक झालेल्या. मग एक मॅडम उठल्या आणि थेट पोवारीत भांडायला लागल्या. ग्रामसेवकाची धांदल उडाली. "मुलांनाही असंच करू द्या," ताई म्हणाल्या. "घरची बोली नाटकात येऊ द्या, ठराव मराठीत लिहू." घरात पोवारी, गोंडी किंवा छत्तीसगढी आणि पुस्तकात मराठी असणाऱ्या मुलांसाठी ही सवलत फार मोलाची आहे.

अशी प्रशिक्षणं राज्यावरून जिल्ह्याला, जिल्ह्यावरून तालुक्याला आणि तिथून केंद्राला उतरतात. प्रत्येक पायरीला वेळ कमी होतो आणि करायच्या गोष्टी पीपीटीत जाऊन बसतात. टाळी-थापेचा खेळ स्लाइडवर दोन ओळींत मावतो, पण ढोलकीवाल्या गुरुजींची लय त्यात येत नाही. शिक्षकाने स्वतः चुकून बघितल्याशिवाय हे पुढे सरकत नाही, आणि हाताने करत शिकणं ही इथे काही नवी गोष्ट नाही. १९३७ च्या वर्ध्याच्या परिषदेतून नई तालीम निघाली. टकळीवर सूत काततानाच हिशेब शिकवणारी समवाय पद्धत विदर्भानेच पाहिली. शांतिनिकेतनातून आलेले देवीप्रसाद १९४४ ते १९६२ सेवाग्रामला मुलांना कला शिकवत होते.

कलेसाठी वेगळा माणूस मिळेल, ही आशा इथे कमीच. शिक्षण हक्क कायद्यानुसार कलेचे अंशकालीन निदेशक सहावी ते आठवीला, तेही पट शंभरावर असेल तरच. पहिली ते पाचवीत साठपर्यंत पट असला की दोन शिक्षक, आणि त्यातलाही एक कधी बैठकीला, कधी माहिती भरायला गेलेला.

निघताना व्हरांड्यात चर्चा रंगली ती याच अडचणीवर. चमकीवाल्या मॅडमनी टाचणाच्या वहीत लिहायलाही घेतलं होतं: पहिली-दुसरीने आकडे म्हणायचे, तिसरीने टाळी, चौथी-पाचवीने थाप, म्हणजे लहानांची मोजणी होते आणि मोठ्यांचे विभाज्य. नव्याने लागलेल्या एका शिक्षकाने शंका काढली, "पण मॅडम, बाजूच्या वर्गाला आवाजाचा त्रास नाही का होणार?"

"बाजूचा वर्गही मीच घेतो ना भाऊ," मॅडम म्हणाल्या आणि गाडीला किक मारली.