उसाच्या गाड्या धरून मोजा

नदी ओलांडताना : लेखांक ४

मागच्या आठवड्यात आपण पुलाचे गाळे आणि खांब पाहिले. आजचा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. अमुक ठिकाणी नवा पूल हवा, हे ठरवायचं कशावरून?

पहिलं काम मोजणीचं. रस्त्याकडेला खुर्ची टाकून, मांडीवर तक्ता घेऊन, जाणाऱ्या प्रत्येक वाहनामागे एक रेघ ओढणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. इंडियन रोड्स काँग्रेसचा दंडक असा, की ही मोजणी सलग सात दिवस, चोवीस तास चालावी आणि वर्षातून दोनदा व्हावी. एकदा शेतमालाच्या ऐन हंगामात आणि एकदा वर्दळ कमी असते तेव्हा. सातारा-सांगलीत हंगाम म्हणजे गळीत हंगाम. कारखान्यांची धुराडी पेटली, की कृष्णाकाठच्या रस्त्यांचं रूपच पालटतं.

त्यातही नुसती वाहनं मोजून भागत नाही, प्रत्येकाला वजन द्यावं लागतं. मोटार म्हणजे १ एकक धरली, तर मोटरसायकल अर्धं एकक, एसटी किंवा ट्रक ३, ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर साडेचार आणि बैलगाडी चक्क ८. वीस बैलगाड्यांचे १६० एकक होतात, शंभर मोटरसायकलींचे फक्त ५०. अरुंद पुलावर उसाची एक गाडी चढली, की तिच्यामागे सगळी रांग बैलांच्या चालीनं सरकते. या आकड्यामागचं कारण तेवढंच आहे. म्हणून ऑगस्टच्या मोजणीवर कृष्णेवरच्या पुलाची रुंदी ठरवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जानेवारीतली मोजणी बघा, त्यातल्या उसाच्या गाड्या धरून.

यापुढचा प्रश्न, गाडी कुठून आली आणि कुठे निघाली. त्यासाठी वाहनं थांबवून चालकांना विचारावं लागतं. सांगलीचा आयर्विन पूल १९२९ सालचा, संस्थानी काळातला. त्याच्यावर ताण आहे हे सगळ्यांना दिसतं. पण सांगलीवाडीहून गणपती पेठेत हळद-गूळ घेऊन येणारा टेम्पो आणि इस्लामपूरहून मिरजेला निघालेली मोटार यांची गरज एक नाही. टेम्पोला पूल पेठेजवळच लागतो. मोटारीला शहरात शिरायचंच नसतं, तिच्यासाठी बाहेरून वळणरस्ता आणि त्यावरचा पूल उपयोगाचा. आयर्विनला पर्यायी पूल शहरात कुठे उतरवायचा, यावरून सांगलीत बराच वाद झाला. असे वाद तावातावानं होतात, तेव्हा ही प्रश्नोत्तरांची पाहणी सगळ्यांसमोर ठेवली तर निम्मा गुंता सुटेल.

आणि जिथे पूलच नाही, तिथे काय मोजणार? कोयनेच्या शिवसागर जलाशयानं जावळी-महाबळेश्वरकडच्या गावांमधली जुनी वाट पाण्याखाली घेतली. बामणोली-तापोळा भागात माणसं लाँचनं जातात, जीपगाड्या तराफ्यावर चढवतात. अशा काठावर बसून रेघा ओढल्या तर तक्ता जवळजवळ कोरा राहील. पाणी आडवं असल्यामुळे जे दवाखान्यात गेले नाहीत, ज्या मुलींची शाळा सुटली, ज्यांनी बाजार टाळला, ते कुठल्याच रकान्यात येत नाहीत. तिथे घरोघरी जाऊनच विचारलं पाहिजे.

आता नदीचा प्रश्न, आणि आपल्याकडे तो सगळ्यात अवघड. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या वर गेलं, २०१९ साली ५७ फुटांच्याही वर. एवढं पाणी पात्रात मावत नाही, ते मळ्यांतून, गावठाणांतून पसरत जातं. पुलाचा गाळा महाग आणि मातीचा भराव स्वस्त. त्यामुळे पात्रापुरते गाळे ठेवून दोन्ही बाजूंचा पोहोचरस्ता भरावावर उचलण्याचा मोह होतो. मग तोच भराव पसरणाऱ्या पाण्याला आडवा येतो. वरच्या अंगाला फुगवटा धरतो, आणि गाळ्यांतून दाटीनं सुटलेलं पाणी खांबांच्या पायाशी खोल खरवडत जातं. सांगली-शिरोळ पट्ट्यातल्या पूरग्रस्तांनी पुलांच्या भरावांवर आक्षेप घेतले ते यामुळेच, आणि ते गांभीर्यानं ऐकायला हवेत. भरावाऐवजी रस्ता खांबांवर न्यावा, ते जमत नसेल तर भरावात पुरेशा रुंद मोऱ्या आणि जादा गाळे सोडावेत. खर्च वाढतो, हे खरं. पण तो वाचवला तर त्याची भरपाई वरच्या अंगाची घरं करतात.

उलट बाजूही आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पुणे-बेंगळूरू महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद राहिला, कारण रस्त्यावरच पुराचं पाणी होतं. पूल कितीही उंच बांधा, पोहोचरस्ता बुडाला की पलीकडचा काठ तुटलाच. तेव्हा रस्ता उंच तर हवाच, पण त्याच्याखालून पाणी मोकळं वाहिलंही पाहिजे. पुलाचा आराखडा गावात मांडला जाईल, तेव्हा पात्रावरच्या गाळ्यांचं चित्र नंतर बघा. आधी विचारा, भराव किती मीटर लांब आहे आणि त्यात किती ठिकाणी वाट ठेवली आहे.

राहिला जुना पूल. महाडजवळ सावित्रीवरचा १९२८ सालचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला आणि दोन एसटी बस वाहून गेल्या. शेजारी नवा पूल उभा होता, तरी एका दिशेची वाहनं जुन्यावरूनच जात होती. जोडपूल झाल्यावर जुन्या पुलाची तपासणी कशी करायची आणि तो कधी बंद करायचा, ते पुढच्या आठवड्यात.