तापाचे अनुमान आणि पीएच.डी.ची वाट

जुलैअखेर थंडी वाजून ताप आलेला रुग्ण जळगाव किंवा धुळ्यातल्या बाह्यरुग्ण विभागात आला, की डॉक्टरांच्या मनात मलेरिया आणि डेंग्यू आधी येतात. तोच ताप फेब्रुवारीत आला तर शंकांचा क्रम बदलतो आणि रक्ताचा अहवाल हाती आल्यावर तो पुन्हा बदलतो. डॉक्टर मनातल्या मनात करतात तो हा हिशेब संगणकाला लिहून देण्याच्या पद्धतीला ‘प्रोबॅबिलिस्टिक प्रोग्रॅमिंग’ म्हणतात. नाव अवघड असले तरी काम ओळखीचे आहे.

सातपुड्याच्या पायथ्याशी, शिरपूर, चोपडा, यावल या तालुक्यांतल्या आदिवासी पाड्यांवर सिकलसेलची तपासणी चालते. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत देशभरात सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले गेले. आता समजा, एखादी चाळणी चाचणी १०० वाहकांपैकी ९० जणांना पकडते आणि वाहक नसलेल्या १०० पैकी ५ जणांनाही चुकून वाहक ठरवते. ज्या वस्तीत हजारात २०० वाहक आहेत, तिथे १८० खरे आणि ४० खोटे ‘पॉझिटिव्ह’ निघतील. म्हणजे चिठ्ठी खरी असण्याची शक्यता ८२ टक्के. जिथे हजारात १० च वाहक आहेत, तिथे ९ खरे आणि सुमारे ५० खोटे. शक्यता जेमतेम १५ टक्के. चाचणी तीच, चिठ्ठी तीच, पण अर्थ वेगळा. लग्न ठरण्याच्या वयातल्या मुलीच्या हाती ही चिठ्ठी पडते तेव्हा हा फरक केवळ गणिताचा राहत नाही.

प्रत्यक्षात तर वस्तीत वाहक किती, हेच आधी माहीत नसते. चाचणीची अचूकताही अंदाजानेच धरावी लागते. अशा सगळ्या अनिश्चित गोष्टी जशाच्या तशा प्रोग्रॅममध्ये लिहायच्या आणि हाती आलेल्या नोंदींवरून उत्तर ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असे काढायचे, हा या शाखेचा गाभा. ठामपणे चुकीचे सांगणाऱ्या यंत्रापेक्षा आपल्याला किती कळलेले नाही हे सांगणारे यंत्र वैद्यकाला जास्त उपयोगी.

तिची जोडीदार शाखा म्हणजे ‘डिफरन्शिएबल प्रोग्रॅमिंग’. प्रोग्रॅममधला एखादा आकडा किंचित हलवला तर उत्तर किती हलेल, हे प्रोग्रॅमनेच काढून द्यायचे. याची एक महत्त्वाची रीत फिनलंडच्या सेप्पो लिनाइन्मा यांनी १९७० च्या प्रबंधात मांडली. आजची कृत्रिम बुद्धिमत्ता तिच्यावरच शिकते. दोन्ही शाखा ‘स्टॅन’ या मोफत प्रणालीत एकत्र येतात. तिचे नाव स्टॅनिस्लॉ उलाम यांच्यावरून ठेवले आहे. १९४६ मध्ये आजारातून उठताना ते पत्त्यांचा पेशन्सचा डाव खेळत होते. डाव लागण्याची शक्यता कागदावर मोजण्यापेक्षा पुष्कळ डाव मांडून पाहावेत, असे त्यांना सुचले आणि त्यातून माँटे कार्लो पद्धत आली. करोनाकाळात लंडनच्या इम्पिरिअल कॉलेजने युरोपातल्या ११ देशांच्या साथीचा हिशेब स्टॅनमध्येच मांडला होता. व्हॅन्कोमायसिनसारख्या, मूत्रपिंडाला इजा करू शकणाऱ्या औषधाची मात्रा एक-दोन रक्तनमुन्यांवरून ठरवण्यासाठीही हेच गणित वापरतात; २०२० च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी त्याची शिफारस केली आहे.

खान्देशातल्या मुलामुलींना हे दार बंद नाही. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात गणित, संख्याशास्त्र आणि संगणकशास्त्राचे विभाग आहेत. बाहेर पडायचे तर आयआयटी मुंबईत डिजिटल आरोग्यासाठी कोइता सेंटर आहे, पुण्यात आयसर आहे. चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के गुण असतील तर २०२२ च्या यूजीसी नियमांनुसार थेट पीएच.डी.साठीही अर्ज करता येतो. नेटमधून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली, तर २०२३ पासून तिचा दर महिना ३७ हजार रुपये आहे. बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी केंद्राच्या शिष्यवृत्त्या वेगळ्या. त्यांच्या जाहिराती वेळापत्रक पाळतातच असे नाही, लक्ष ठेवावे लागते.

संगणक अभियांत्रिकीच्या मुलांना हा आपलाच प्रांत वाटतो. तयार प्रणाली चालवणे त्यांना जमते, पण संभाव्यता आणि कलनाची बैठक कच्ची असेल तर दुसऱ्या वर्षी गाडी अडते. इथे बी.एस्सी.ला संख्याशास्त्र मन लावून केलेला विद्यार्थी पुढे जातो, कोड लिहिणे तो वर्षभरात शिकतो. सुरुवातीला साधा लॅपटॉपही पुरतो. खरी पारख मार्गदर्शकाची करावी. विषयाच्या नावात ‘एआय’ आहे का, हे पाहण्यापेक्षा मार्गदर्शकाने या पद्धतीने एखादा प्रश्न स्वतः सोडवला आहे का, हे त्याचे शोधनिबंध काढून वाचावे.

आणि विषय रुग्णांच्या नोंदींवरचा असेल, तर त्या नोंदी मागितल्या की मिळत नाहीत. वैद्यकीय महाविद्यालयाच्या नैतिकता समितीची परवानगी लागते, पाड्यांवरच्या लोकांची संमती लागते. यात महिने जातात. तो अर्ज पहिल्याच सत्रात टाकावा, आणि शक्य असेल तर तिथला एखादा डॉक्टर सहमार्गदर्शक म्हणून आधीच गाठून ठेवावा.