जुन्या इंजिनाचें हेड : दुरुस्ती कीं बदल?

परभणी जिल्ह्यांतील आमच्या कित्येक वाचकांच्या घरीं शेती आहे. पुण्यास १९४६ सालीं किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. अशा कारखान्यांच्या जुन्या पाणी-उपसा इंजिनाचें हेड बिघडल्यास खर्च कशाचा होतो, हें आम्ही येथें सांगतों.

हेड म्हणजे सिलिंडरच्या माथ्यावरील बिडाचें झांकण. त्यांत दोन झडपा, डिझेलचा फवारा सोडणारें नोझल व पाणी खेळण्याची पोकळी असते. जड पाण्याचे क्षार तेथें सांचले, कीं हेड अति तापतें आणि झडपांमधील अरुंद जागीं तडा जातो.

झडपा नुसत्या गळत असतील, तर त्या घांसून बैठकींत बसविणें, हेडचा तळ सपाट करणें व नवें गॅस्केट घालणें पुरतें. खर्च मुख्यतः मजुरीचा. तडा असल्यास हिशेब बदलतो. बिडांत शेंकडा २ ते ४ कार्बन असल्यानें तें ठिसूळ असतें. एकाच जागीं तापविल्यास पुन्हां तडकतें. म्हणून सबंध हेड तापवून सांधावें, राखेंत सावकाश निववावें, नंतर तळ व बैठका नव्यानें कराव्या आणि पाण्याच्या दाबानें परीक्षा घ्यावी. प्रत्येक पायरीस निराळी मजुरी पडते. हमी मात्र थोडीच.

यास्तव तडा नसल्यास मूळ हेड राखावें. असल्यास व नवें मिळत असल्यास दोन्ही अंदाज ताडून पाहावे. कामास लागणाऱ्या दिवसांत गव्हाची पाण्याची पाळी चुकली, तर तें नुकसानहि हिशेबांत धरावें. पोकळी वेळोवेळीं साफ ठेवणें हीच सर्वांत स्वस्त दुरुस्ती होय.