अंतिम स्तनपुनर्रचनेपूर्वीचा काळ : पूर्वकर्म आणि आपली जबाबदारी

सुश्रुताचार्यांनी शस्त्रकर्माचे पूर्वकर्म, प्रधानकर्म व पश्चात्कर्म असे तीन भाग सांगितले आहेत. स्तनार्बुदामुळे स्तनच्छेदन झालेली आणि पुनर्रचनेच्या अंतिम शस्त्रक्रियेची वाट पाहणारी रुग्णा चिकित्सालयात येते, तेव्हा या त्रिविध कर्माचे स्मरण ठेवणे अत्यावश्यक ठरते. प्रधानकर्म शल्यविशारद करणार असतात; परंतु पूर्वकर्माचा काळ ती अनेकदा आपल्या औषधांवर काढते.

पुनर्रचना पुष्कळदा दोन टप्प्यांत होते. प्रथम छातीच्या स्नायूखाली अथवा त्वचेखाली टिश्यू एक्सपांडर ही पिशवी बसवतात. जखम भरल्यावर दर एक-दोन आठवड्यांनी तिच्या झडपेतून सुईने सलाईन भरले जाते व त्वचा क्रमाक्रमाने ताणली जाते. पुरेसा विस्तार झाल्यावर काही आठवडे ते काही महिने थांबून पिशवी काढतात आणि तेथे कायमचे सिलिकॉनचे रोपण किंवा पोट वा पाठीवरील स्वतःची ऊती बसवतात. किरणोपचार झाले असल्यास ही प्रतीक्षा बहुधा आणखी लांबते.

या काळात छाती दगडासारखी घट्ट वाटते, कुशीवर निजता येत नाही, खांदा आखडतो. पदर सावरताना दोन्ही बाजूंतील फरक दिवसातून दहा वेळा जाणवतो. ठरलेली तारीख पुढे जाऊ नये, एवढेच तिचे मागणे असते.

येथे आमच्या हातून घडलेली एक चूक सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. अशाच एका रुग्णेच्या स्कंधस्तंभासाठी आम्ही वालुका पोट्टलीचा शेक सांगितला. स्तनच्छेदनानंतर तेथील त्वचेची संवेदना नष्ट वा मंद झालेली असते, याचा विचार केला नाही. शेक छातीपर्यंत गेला, चटका तिला कळलाच नाही. फोड आले आणि अंतिम शस्त्रक्रिया अडीच महिने पुढे गेली. तिने आम्हांस दोष दिला नाही; तथापि ते अडीच महिने आमच्या मनातून गेलेले नाहीत.

यास्तव पुढील दक्षता घ्यावी.

१. छातीवर स्वेदन, उष्ण लेप, मर्दन व अग्निकर्म वर्ज्य करावे. काखेतील ग्रंथी काढल्या असल्यास त्या बाजूच्या हातावर रक्तमोक्षण वा जोरकस मर्दन करू नये; हातास सूज येण्याचा धोका असतो.

२. लसूण, आले, हळद व गुग्गुळ यांचे औषधी मात्रेतील कल्प रक्तस्रावाची प्रवृत्ती वाढवू शकतात. ते शस्त्रक्रियेपूर्वी किमान दोन आठवडे थांबवावेत. आहारातील नेहमीच्या प्रमाणाची चिंता नसावी.

३. ज्येष्ठमधाच्या दीर्घ सेवनाने रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते. अश्वगंधेने भूल देण्याच्या औषधांची गुंगी वाढू शकते. भूलतज्ज्ञांस यांची कल्पना असावी.

४. टॅमॉक्सिफेन चालू असताना कर्क्युमिनचे कल्प, विशेषतः मिरीसह, देऊ नयेत. त्यामुळे टॅमॉक्सिफेनपासून शरीरात तयार होणाऱ्या कार्यकारी घटकाची पातळी घटते, असे नेदरलँड्समधील 2019 सालच्या अभ्यासात दिसले आहे. टॅमॉक्सिफेन थांबवण्याचा निर्णय मात्र सर्वस्वी कर्करोगतज्ज्ञांचा.

५. मिश्रीविषयी आवर्जून विचारावे. "तंबाखू खाता का?" या प्रश्नास नकार देणारी स्त्री सकाळी मिश्री लावत असते. निकोटिनने सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचित होतात व त्वचा वा ऊती मृत होण्याचा धोका वाढतो.

६. छातीवर लाली, उष्णता, स्राव वा ज्वर आढळल्यास काढ्यावर वेळ न दवडता रुग्णेस त्याच दिवशी शल्यविशारदांकडे पाठवावे.

मग आपण काय द्यावे? प्रथिनयुक्त सुपाच्य आहार, मलावष्टंभ टाळणे, शल्यविशारदांच्या संमतीने खांद्याच्या हालचाली, प्राणायाम आणि निवांत संवाद. हे पूर्वकर्म अल्प वाटले तरी अल्प नाही.

औषधी विक्रेत्यांसही विनंती आहे. 'ताकदीचे काहीतरी द्या' असे म्हणणाऱ्या स्त्रीस डबा हाती देण्यापूर्वी "कोणती शस्त्रक्रिया ठरली आहे का?" एवढे विचारावे. आणि आपण वैद्यांनी चालू औषधांची यादी सुवाच्य अक्षरांत लिहून रुग्णेच्या फाइलमध्ये ठेवावी. ठरलेल्या दिवशी ती निश्चिंतपणे शस्त्रक्रियेस सामोरी गेली, की आपले पूर्वकर्म सफल झाले असे समजावे.