आजींनी सांगितलेले संग्रहालय

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरी इस्राएलच्या आजी आल्या होत्या. त्या आमच्या नात्यातल्या नाहीत. त्यांचे जुने घर आमच्याच आळीत होते. आता तिथं नुसते जोते आहे आणि दोन माड. आमच्या अलिबाग तालुक्यात बेने इस्राएल लोकांना शनवार तेली म्हणत. ते धर्माने ज्यू. तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून शनवार तेली. १९४८ साली इस्राएल देश झाला, त्यानंतर पुष्कळ जण तिकडे गेले. आजी पण लहानपणीच गेल्या. पण मराठी अजून आपल्यासारखीच बोलतात, आणि तांदळाची भाकरी आमच्या आईपेक्षा गोल थापतात. (आईने हे वाचू नये.)

मी विचारले, तिकडे बघण्यासारखे काय आहे? आजींनी समुद्र सांगितला, जेरुसलेम शहर सांगितले आणि मग म्हणाल्या, "तिथं याद वाशेम आहे." आई म्हणाली, मुलांना कशाला ते? तर आजी म्हणाल्या, "तिथल्या मोठ्या संग्रहालयात दहा वर्षांखालच्या मुलांना सोडत नाहीत. ही दहाची झालीय ना? मग ऐकू दे." माझा भाऊ सात वर्षांचा आहे. त्याला अंगणात पाठवले. तो रडला, पण नियम म्हणजे नियम.

आधी थोडा इतिहास सांगते, नाहीतर पुढचे समजणार नाही. १९३३ साली जर्मनीत हिटलरच्या हाती सत्ता आली. देशाची सगळी दुःखे ज्यू लोकांमुळे आहेत असे तो सांगायचा. हे साफ खोटे होते, पण खूप लोकांनी ते खरे मानले. पहिल्यांदा ज्यूंच्या दुकानात जाऊ नका म्हणाले. मग १९३८ साली ज्यू मुलांना शाळेतून काढले. मग १९४१ साली सहा वर्षांच्या वरच्या सगळ्या ज्यूंनी कपड्यावर पिवळी चांदणी लावायची असा हुकूम काढला. दुसरे महायुद्ध १९३९ ला सुरू झाले होते. हिटलरच्या लोकांनी जे जे देश जिंकले तिथल्या ज्यूंना पकडले. किती जणांना गोळ्या घातल्या, किती जण उपाशी मेले, आणि किती जणांना आगगाडीत कोंबून छावण्यांत नेले आणि विषारी वायूने मारले. १९४५ ला युद्ध संपले तोपर्यंत सुमारे ६० लाख ज्यू मारले गेले. त्यात सुमारे १५ लाख मुले होती. आमच्या शाळेत ६० मुले आहेत. मी भागाकार करून पाहिला. आमच्यासारख्या २५,००० शाळा होतात.

मी आजींना विचारले, तुमच्या घरचे कोणी होते का त्यात? त्या म्हणाल्या, "नाही गं. तेव्हा आम्ही इथंच होतो, कोकणात. इथं कुणी आम्हाला कधी हात लावला नाही." त्या याद वाशेमला गेल्या त्या विहीणबाईंबरोबर. विहीणबाईंचे आईवडील पोलंडचे. त्यांचा मोठा मुलगा पाच वर्षांचा असताना मारला गेला. विहीणबाई नंतर जन्मल्या, त्यांनी भावाला पाहिलेसुद्धा नाही.

याद वाशेमची सुरुवात १९५३ साली झाली. आताचे मोठे संग्रहालय २००५ साली उघडले. ते लांबच लांब आहे, १८० मीटर, आणि दोन्ही भिंती वर जाऊन एकमेकींना टेकतात, जणू डोंगराच्या पोटातून आरपार घातलेले कौलारू छप्पर. आत एका जागी पायाखाली काच आहे आणि काचेखाली जोडे. मेलेल्या माणसांचे. आजी त्या काचेवर पाय ठेवेनात, कडेकडेने गेल्या.

शेवटी नावांचे दालन आहे. ते गोल आहे. वर छताला माणसांचे फोटो आणि भिंतीला चारी बाजूंनी काळ्या पेट्या. पेट्यांत कागद आहेत. एका माणसाचा एक कागद. नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, गाव, धंदा. ज्याला आठवते त्याने तो भरून द्यायचा. अशी आणि जुन्या कागदांतून मिळून ४८ लाखांहून जास्त नावे त्यांनी गोळा केली आहेत. काही फळ्या अजून रिकाम्या आहेत. विहीणबाईंनी आपल्या भावाचा कागद भरला तेव्हा "धंदा" या रकान्यात काय लिहावे ते त्यांना सुचेना. त्यांनी तो तसाच सोडला.

मी म्हटले, नावे कशाला गोळा करतात? माणूस तर गेला ना? आजी म्हणाल्या, "आउशवित्झ छावणीत कामाला ठेवलेल्यांच्या हातावर आकडा गोंदवायचे आणि आकड्यानेच हाक मारायचे. म्हणून."

बाहेर मुलांचे वेगळे स्मारक आहे. तिथं अगदी काळोख. थोड्याच मेणबत्त्या, पण सगळीकडे आरसे, म्हणून हजारो दिसतात, आभाळातल्या चांदण्यांसारख्या. आणि एक आवाज मुलांची नावे वाचतो, वय आणि देश सांगतो. आजी कठडा धरून चालल्या.

एका गुरुजींचा पुतळा पण आहे, मुलांना कवेत घेतलेला. त्यांचे नाव यानुश कोर्चाक. ते पोलंडमध्ये वॉर्सा शहरात डॉक्टर होते आणि अनाथ मुलांचा आश्रम चालवायचे. त्यांनी १९२६ साली मुलांनीच लिहिलेले वर्तमानपत्र काढले होते, म्हणजे आपल्या भित्तिपत्रकासारखेच, फक्त छापलेले. जुलै १९४२ मध्ये त्यांच्या मुलांनी रवींद्रनाथ टागोरांचे "डाकघर" नाटक केले. त्यात अमल नावाचा आजारी मुलगा खिडकीत बसून राजाच्या पत्राची वाट बघतो. पुढच्याच महिन्यात शिपाई आले. गुरुजींना पळून जाता आले असते. ते गेले नाहीत. सुमारे २०० मुलांबरोबर तेही गाडीत चढले.

हे ऐकून झाल्यावर मला रात्री झोप येईना. मला गेल्या वर्षीचा आमच्या वर्गातला मुलगा आठवला. त्याचे आईवडील वीटभट्टीवर कामाला होते. आम्ही सगळे त्याला भट्टीवाला म्हणायचो. तो भोवरा फार छान फिरवायचा. मार्चमध्ये तो गेला. याचा आणि त्या युद्धाचा काही संबंध नाही हे मला कळते. पण मला त्याचे नावच आठवेना. सकाळी मैत्रिणींना विचारले, त्यांनाही येईना.

शाळा उघडल्यावर मी बाईंकडे गेले. त्यांनी कपाटातून जुने हजेरीपत्रक काढून दिले. त्यात त्याचे नाव होते, वडिलांचे होते, आडनावही होते. मार्चपर्यंत हजेरी आणि पुढे लाल रेघ. मी ते वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतले आहे. भट्टी परत सुरू झाली आहे, पण त्याच्या घरचे अजून आलेले नाहीत.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी