किरकोळ दुरुस्तीचे मोल

ग्रंथाच्या अखेरीस जोडलेले शुद्धिपत्र फारच थोडे वाचक उघडतात. त्यानुसार आपली प्रत दुरुस्त करणारे तर विरळाच. संगणकाच्या जगातही हीच रीत आढळते. असंख्य संकेतस्थळांची दर्शनी बाजू ज्या तयार साहित्यावर उभी असते, त्याचीही शुद्धिपत्रे वेळोवेळी निघतात आणि 'किरकोळ सुधारणा' म्हणून बाजूला पडतात. आपल्या शाळेचे कित्येक माजी विद्यार्थी आज याच व्यवसायात आहेत; उरलेले आपण सारे अशा संकेतस्थळांवरून बँकेचे व्यवहार करतो. तेव्हा हा विषय दोघांच्याही हिताचा आहे.

प्रथम परिभाषा पाहू. अशा साहित्याच्या आवृत्तीचा क्रमांक सामान्यतः तीन अंकांचा असतो. पहिला अंक बदलला की जुन्या लिखाणाशी असलेला मेळ तुटण्याचा संभव असतो. दुसरा बदलला की जुने न मोडता नवी सोय आलेली असते. तिसरा बदलला की केवळ दोषनिवारण झालेले असते. हा संकेत उपयुक्त खरा. परंतु तो बदलाचा आकार सांगतो, दोषाची भयानकता सांगत नाही.

जॉन रेसिग यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या जेक्वेरी या जावास्क्रिप्ट-संग्रहाचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. पानावर घालावयाच्या मजकुरातील एखादी खूण अर्धवट मिटलेली दिसली, की हा संग्रह सद्हेतूने तिला पूर्ण करणारी खूण स्वतःच जोडीत असे. घात झाला तो येथेच. बाहेरून आलेला मजकूर आधी तपासणीतून जाई. त्यातील घातक आज्ञा निर्जीव मजकुराच्या कोंदणात असल्याने तपासनीस तिला निरुपद्रवी ठरवी. पुढे जेक्वेरी मधेच समाप्तीची खूण घाली आणि कोंदणातील आज्ञा बाहेर पडून सजीव होई. एखाद्या पात्राच्या बोलण्यातील अवतरणचिन्ह लेखनिकाने चार शब्द आधी मिटवले, तर पात्राचे उरलेले शब्द लेखकाचे होऊन बसतात. तसाच हा प्रकार. अशी आज्ञा वाचकाच्या संगणकावर त्याच्याच अधिकाराने चालते आणि त्याच्या नावाने व्यवहार करू शकते.

एप्रिल २०२० मध्ये निघालेल्या ३.५.० या आवृत्तीने ही आगंतुक 'शुद्धी' थांबवली. दोष मात्र २००७ च्या १.२ आवृत्तीपासून नांदत होता. अंकांच्या हिशेबाने हा मधला, म्हणजे किरकोळच बदल. तथापि काही जुनी पाने त्या चुकीच्या सवयीवरच विसंबून होती. ती बिघडतील या भयाने अनेकांनी नवी आवृत्ती घेणे टाळले. जानेवारी २०२५ मध्ये, म्हणजे जवळजवळ पाच वर्षांनी, त्याच आवृत्तीत दूर केलेल्या एका जोडदोषाची नोंद अमेरिकेच्या 'सिसा' या शासकीय संस्थेने प्रत्यक्ष गैरवापर झालेल्या दोषांच्या यादीत केली. औषध सिद्ध होते. ते घेतले गेले नव्हते.

दुसरे उदाहरण रिअ‍ॅक्टचे. ३ डिसेंबर २०२५ रोजी त्याच्या सर्व्हरवर चालणाऱ्या भागातील एक दोष जाहीर झाला. ओळख न पटवता परक्याला सर्व्हरवर आपली आज्ञा चालवता येत असे; तीव्रता दहापैकी दहा. उपाय कोणता? १९.२.० च्या जागी १९.२.१ घेणे. केवळ शेवटचा अंक एकाने वाढला होता!

यावरून व्यवहारासाठी इतकेच निघते. आपण कोणते उसने साहित्य कोणत्या आवृत्तीत वापरतो, याची यादी हाताशी असावी. नव्या आवृत्तीसोबतचे टिपण वाचावे. दुरुस्ती आधी चाचणीच्या प्रतीवर पारखावी, मग विनाविलंब लागू करावी. जे वापरात नाही ते काढून टाकावे. ही कामे कौतुकाची नव्हेत. संस्थाचालकांनी त्यांसाठी वेळ आणि वेतन दोन्ही राखून ठेवले पाहिजे.

एकनाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. त्यांनी नवा ग्रंथ रचला नव्हता, प्रती लिहिताना शिरलेले अपपाठ दूर केले होते; तरीही मराठीने त्या कार्याला किरकोळ म्हटले नाही. आपल्या विद्यार्थ्यांनीही जतनाच्या कामाकडे त्याच आदराने पाहावे, एवढीच अपेक्षा.