कपडे? ऑप्शनल!

'वीकएन्डला काय केलंस?' या प्रश्नाचं मी ऑफिसात सहसा खरं उत्तर देतो. लाँड्री, किराणा, आईला फोन. त्या सोमवारी मात्र 'फेरीने वॉटसन्स बेला गेलो, फिश अँड चिप्स खाल्ले' एवढंच सांगितलं. मधले तीन तास गाळले.

सिडनीत ऑनसाइट येऊन आठ महिने झाले होते. कॉलेजातला एक मित्र आता इथलाच झालाय. त्याने शनिवारी फोन केला, "उद्या लेडी बे. टॉवेल आण, बाकी काही नको." 'बाकी काही नको'चा अर्थ मला रविवारी फेरीत बसल्यावर कळला.

सर्क्युलर कीवरून ऑपेरा हाउसला वळसा घालून फेरी वॉटसन्स बेला सोडते. पुढे कॅम्प कोव्हची गोंडस, फॅमिलीवाली पुळण, मग साउथ हेडच्या टोकाकडे जाणारी पायवाट. टोकाला १८५८ सालचं, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं हॉर्नबी दीपगृह आहे. तिथे पोहोचण्याआधीच डावीकडे कड्यावरून उभ्या पायऱ्या उतरतात. खाली पिवळट खडकांच्या बेचक्यात वाळूची छोटीशी पट्टी. भरतीला तीही जेमतेम उरते, त्यामुळे भरती-ओहोटीची वेळ बघूनच निघा. नाहीतर टॉवेल खडकावर टाकावा लागतो, आणि त्या स्थितीत खडक टोचतो हो!

हे सगळं कायदेशीर आहे. पण याच शहरात १९०२ मध्ये दिवसाउजेडी समुद्रात उतरायलाच बंदी होती. मॅन्लीच्या विल्यम गोचर नावाच्या संपादकाने आपल्याच पेपरात आगाऊ जाहीर करून, भर दुपारी ती मोडली. पुढे बाँडीवर ऑब लेडलॉ हे बीच इन्स्पेक्टर बिकिनी 'फारच तोकडी' म्हणून बायकांना बाहेर काढायचे. तो नियम १९६१ मध्ये सैल झाला. आणि १९७६ मध्ये नेव्हिल रॅन यांच्या सरकारने थेट लेडी बेला परवानगीच देऊन टाकली. (गोव्यात मात्र हा प्रयोग नको. २०२० मध्ये मिलिंद सोमणने पंचावन्नाव्या वाढदिवसाला तिथल्या बीचवर विवस्त्र धावतानाचा फोटो टाकला आणि पोलिसांनी गुन्हा नोंदवला. १९९५ च्या त्या अजगरवाल्या जाहिरातीपासून त्याला सवय असेल, आपल्याला नाही.)

आता खरी गोष्ट. मला कोड आहे. दहावीत पाठीवर एक डाग आला, आता छाती, पोट, मांड्या असा पसरलाय. चेहरा आणि हात वाचले, म्हणून कुणाला माहीत नसतं. अलिबागच्या ट्रिपला मी टी-शर्ट घालून पोहलो. सोसायटीच्या स्विमिंग पूलला सर्दीचं कारण चालतं. आईने तर 'स्थळ पक्कं होईपर्यंत कशाला बोलायचं' असं ठरवूनच टाकलंय. त्यावरून आमचं दोनदा कडाक्याचं भांडण झालंय.

मित्राला हे ठाऊक आहे. खाली पोहोचल्यावर तो म्हणाला, "अरे, ऑप्शनल म्हणजे ऑप्शनल. शॉर्ट्स घालून बसलास तरी कोणी हाकलणार नाही." मी अर्धा तास पूर्ण कपड्यांत बसलो. तेवढ्यात एक लक्षात आलं: तिथे विचित्र मीच दिसत होतो.

आजूबाजूला बहुतेक पुरुषच, बरेचसे गे, काही जोडपी. सुटलेली पोटं, ऑपरेशनचे व्रण, लोंबणारी कातडी. सिनेमातली बॉडी म्हणाल तर औषधालाही नाही. एक आजोबा फक्त टोपी आणि चष्मा लावून शब्दकोडं सोडवत होते. इथले नियम साधे आहेत: टक लावून बघायचं नाही, कॅमेरा काढायचा नाही, टॉवेलवरच बसायचं. बघे असतात ते वर, पायवाटेवर. पूर्ण कपड्यातले.

शेवटी टी-शर्ट काढला. मग बाकीचंही. पहिली पाच मिनिटं पोट आत ओढून उभा होतो, मग कंटाळा आला. कोडाच्या कातडीला मेलॅनिन नसतं, ती चटकन भाजते, म्हणून जाड थर सनस्क्रीन लावायला घेतलं. पाठीपर्यंत हात पोहोचेना. शब्दकोडंवाल्या आजोबांनी मान वर करून फक्त एवढंच सांगितलं, की दर दोन तासांनी परत लाव, इथलं ऊन वाईट आहे. आणि पुन्हा कोड्यात डोकं घातलं.

पाणी गार होतं. पाठीला थेट पाणी लागणं म्हणजे काय, हे मी दहावीनंतर विसरलो होतो. बराच वेळ बाहेर आलो नाही.

संध्याकाळी आईचा फोन. "कुठे होतास रे दिवसभर?"

"समुद्रावर. पोहलो."

"टी-शर्ट घातला होतास ना?"

"नाही."

पलीकडे बराच वेळ नुसता कुकरच्या शिट्टीचा आवाज. मग म्हणाली, "लोक होते का तिथे?"

"हो. भरपूर."

"बरं," आई म्हणाली. "जेवलास का?"